चंक्रमावरचा अनुस्वार

मंगळवार, ३ एप्रिल २००७. सासुरवाडी. सकाळी ७.

ही डायरी कंपनीने २००४ साली वाटलेली. कागद उत्तम, वार चुकीचे. वार रोज पेनने सुधारायचे. रोज किमान पाच ओळी. खोटं लिहायचं नाही.

काल देवळ्याला एसटीतून उतरलो, आठ दिवसांसाठी. सासऱ्यांना, म्हणजे चिमाजीरावांना, सांगितलं की रजा साठली होती. यात खोटं काही नाही. अठ्ठावीस फेब्रुवारीपासून साठतेच आहे. ड्रॉइंग सेक्शन बंद झाला याला मी नोकरी गेली असं म्हणणार नाही. व्हीआरएसमधला व्ही म्हणजे व्हॉलंटरी. आम्ही अकरा ड्राफ्ट्समननी एकाच दिवशी, एकाच पेनने, स्वेच्छेने सही केली.

नाशिकला सिडकोतल्या घरी राहणं अवघड झालं होतं. कंपनीची फर्स्ट शिफ्टची बस पावणेसातला बिल्डिंगखाली हॉर्न वाजवते. खालच्या मजल्यावरचा गोटीराम त्याच बसने सातपूरला जातो. मार्चभर मी डबा घेऊन हॉर्नच्या आधीच बाहेर पडायचो आणि वाचनालय उघडेपर्यंत गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, बसायचो. वाचन मात्र भरपूर झालं. प्राचीन भारताचं एक अख्खं कपाट संपवलं.

छाया म्हणाली, माझ्या माहेरी तुमचं तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही. पण कोणी विचारलंच तर खोटंही बोलणार नाही. मान्य. योग्य वेळी सांगेन. योग्य वेळ म्हणजे नवी नोकरी लागली की दुसऱ्या दिवशी.

बुधवार, ४ एप्रिल. संध्याकाळी ६.

आज आयुष्याला वळण मिळालं. घाईघाईत लिहितोय.

घरामागे टेकाड आहे. त्याला पांढरी म्हणतात. फार पूर्वी गाव तिथे होतं म्हणून माती पांढरट. सासऱ्यांनी तिथे कांद्याची नवी चाळ बांधायला काढली आहे. टेकाडावर वारा खेळता असतो, कांदा सडत नाही म्हणे. पुंजा सुतार माती साफ करत होता. मी सहज चहाचा कप घेऊन गेलो आणि बघतो तर काय, जमिनीत दगड ठासून भरलेल्या खड्ड्यांच्या दोन रांगा! खांबांचे खड्डे! पुस्तकात अगदी अशीच चित्रं होती.

मी ओरडलो, थांबा, एक ढेकूळ हलवायचं नाही. पुंजाची कुदळ वरच राहिली. तो म्हणाला, "दाजी, हे तर..." आणि सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे तर तुमालाच कळायचं." शिकलेल्या माणसासमोर हे लोक फार नम्र असतात.

सासऱ्यांना सांगितलं की याची डिजिटल नोंद व्हायला हवी. कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करायचं, व्हर्च्युअल रिॲलिटी करायची, म्हणजे माणूस दोन हजार वर्षांपूर्वीच्या इमारतीत चालून येईल. ते म्हणाले, "पाव्हणं म्हणत्याल तसं." फक्त चाळ कधी बांधता येईल, एवढंच विचारलं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, देतो म्हणालो. कांदा तर अजून जमिनीतच आहे.

कंपनीतून सुट्टी मिळेल का, असं सासूबाईंनी विचारलं. तोंडातून निघून गेलं की कंपनीनेच या प्रोजेक्टवर पाठवलंय. (हे बोललो. लिहिलेलं नाही. डायरीचा नियम मोडलेला नाही.)

गुरुवार, ५ एप्रिल. दुपारी.

दिवसभर टेप आणि डिजिटल कॅमेरा. एका रांगेत तेरा खड्डे, दुसऱ्या रांगेत तेरा. लांबी अठ्ठेचाळीस फूट. रुंदी फक्त चार फूट! डावीकडचा सातवा खड्डा नऊ इंच बाहेर गेलेला. मॉडेलमध्येही तो नऊ इंच बाहेरच ठेवणार. ड्राफ्ट्समनने वाकडं ते वाकडंच काढावं, ही माझी वीस वर्षांची शिस्त.

चार फूट रुंदीत कोण राहणार? जेवताना अचानक आठवलं आणि घास हातातच राहिला. चंक्रम! बौद्ध भिक्षू येरझाऱ्या घालत ध्यान करायचे, त्यासाठी जोत्यावर बांधलेली अरुंद लांब वाट. तीच ही. दोन्ही बाजूंना खांब, वर छप्पर, खेळता वारा.

घरातल्यांना समजावून सांगितलं. मेहुण्याला, भारतला, विशेष रस वाटला. पण तो अनुस्वार विसरतो. पिकअप घेऊन आलेल्या मित्राला सांगत होता, "आमच्या दाजींचं चक्रम चालू हाय मागं." दुरुस्त केलं.

शुक्रवार, १३ एप्रिल.

भारतच्या पिकअपमधून सिडकोहून कॉम्प्युटर आणला. येताना गाडी रिकामी, मिरच्यांच्या वासाची, मी मॉनिटर मांडीवर घेऊन. दिंडोरीच्या पुढे तो म्हणाला, "दाजी, मी मार्चमधी तुमच्या कंपनीच्या गेटवर कांदे द्यायला..." मी लगेच सांगितलं की गेटवर नवीन वॉचमन आहे, तो कोणालाच ओळखत नाही. भारत म्हणाला, "हां, नवीनच व्हता." पुढे वणीपर्यंत काही बोलला नाही. गाडी चालवताना लक्ष पाहिजेच.

कॉम्प्युटर बियाण्याच्या खोलीत मांडला. खिडकी नाही. उत्तम, स्क्रीनवर उजेड पडणार नाही. सासूबाईंनी बियाण्याची पोती स्वतःच्या झोपायच्या खोलीत नेली.

संकल्प: रोज चार खांब. सात दिवसांत मॉडेल.

शनिवार, २१ एप्रिल.

आखाजी होऊन गेली. खांब झाले पाच. पण दोष माझा नाही. लोडशेडिंग दिवसाचे बारा तास. वीज येते ती इतकी मंद की कॉम्प्युटर चालू होतो आणि खेद व्यक्त करून बंद होतो. पंप चालू असला की व्होल्टेज पडतं, हे मी शोधून काढलं. सासऱ्यांना नुसतं बोलून दाखवलं. आता मी बसलो की ते पंप बंद ठेवतात. मिरची जरा मान टाकून आहे.

कांदा काढून झाला. सध्या शेतात ढीग करून वर पात टाकली आहे. सासऱ्यांनी विचारलं, "पाव्हणं, कधीपर्यंत व्हईल?" एक मेपर्यंत, महाराष्ट्र दिनी.

आणि मोठी बातमी! खड्डा क्रमांक अकरामध्ये तांबूस, पातळ, कुरकुरीत पापुद्रे सापडले. भूर्जपत्र! अक्षरं दिसत नाहीत, पण दोन हजार वर्षांत पुसली जाणारच. चिमट्याने प्लास्टिकच्या पिशवीत भरले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. डोळे भरून आले असावेत. माझेही आले होते. या घरात एरवीही येतात, कांद्यामुळे.

रविवार, ६ मे. पहाटे ५:३०, वीज आहे.

मॉडेल उभं राहिलं! सव्वीस खांब, छप्पर, बाजूंना बांबूची जाळी (वाऱ्यासाठी अशी असणारच, हा माझा अंदाज). पहिल्यांदा आत चाललो. बाणाचं बटण दाबत या टोकाकडून त्या टोकाकडे. अंगावर काटा आला. कोणीतरी याच वाटेवरून मन शांत करत चाललं असेल.

मग बाहेर पडता येईना. भिंतीतून आरपार जाता येऊ नये अशी सोय मीच केलेली. दार दिलं नव्हतं, कारण दाराचा पुरावाच नाही. दोन्ही टोकांना, चारही बाजूंना खांब सारखे. मनाने दार टाकणं म्हणजे इतिहासाशी बेइमानी. अठ्ठेचाळीस फूट जायचं, अठ्ठेचाळीस फूट यायचं. तासभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी वीज गेली म्हणून सुटलो.

आता प्रश्न एकच. दार कुठे होतं?

शनिवार, १२ मे.

दार सापडत नाही. खड्डे परत मोजले. पुंजाला विचारलं की अशा इमारतीला आत जायला वाट कुठून असेल. तो म्हणाला, "दाजी, ते कुसाआत्याला इचारा, ती वणीला लेकीकडं हाय, अधिकात येईल." कुसाबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, डोळ्याचं ऑपरेशन झालेली, वय सत्तरच्या पुढे. तिला वास्तुशास्त्रातलं काय कळणार? पण पुंजाचं मन मोडलं नाही.

नाशिकच्या एका वारसा मंडळाच्या सचिवांना देवळ्याच्या बूथवरून फोन केला. दहा जूनला प्रात्यक्षिकाला या म्हणालो. ते "बघू" म्हणाले. म्हणजे येणार.

सासऱ्यांना सांगितलं की एवढा दहा जून होऊ द्या. त्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

शुक्रवार, १८ मे.

कालपासून अधिक महिना, धोंड्याचा महिना लागला. या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. मी इथेच असल्यामुळे बोलावण्याचा खर्च वाचला.

सकाळी स्वयंपाकघरातून ऐकलं. शेजारच्या भागीबाई म्हणत होत्या, "ही धोंड कवा जायची वं?" सासूबाई म्हणाल्या, "हळू बोल, माय." धोंड्यांच्या तयारीची चर्चा दिसते. शब्द जरा चुकला, पण इथे अनुस्वार आणि लिंग याबाबत एकूणच आनंद आहे.

दुपारी खरं म्हणजे निघालो होतो. लिहून टाकतो. बॅग भरली आणि दोनची एसटी पकडायला फाट्यावर गेलो. का ते सांगता येणार नाही. खोलीत जीव घुसमटला. सासूबाई चपला न घालता मागे धावत आल्या. अधिकात जावई धोंडे न खाता दारातून गेला तर लोक काय म्हणतील, असं म्हणून बॅग काढून घेतली. कंडक्टर म्हणाला, चढताय का? मी चढलो नाही. आणि चढून तरी कुठे जाणार होतो? सिडकोत पावणेसातला हॉर्न आहेच. इथे खोली, टेकाड आणि चंक्रम. बस गेली.

परत येऊन मॉडेलमध्ये येरझाऱ्या घातल्या. मन शांत होत नाही. भिक्षूंची गोष्ट वेगळी असेल. त्यांना नंतर बाहेर पडता येत असणार.

सोमवार, २८ मे.

काल सांजेला वादळ आणि गारा. सगळे ताडपत्री घेऊन शेताकडे पळाले. मीही निघालो होतो, पण यूपीएस वाजायला लागला आणि फाइल सेव्ह करणं भाग होतं. पोचलो तेव्हा झाकून झालं होतं. भारतच्या हाताला दोरीने चिरा पडलेल्या.

आज ढिगाला वास येतोय. वरचा थर गेला. सासरे एकेक कांदा हातात घेऊन दाबून बघत होते, नासका डावीकडे, चांगला उजवीकडे. मी बाजूला बसलो. म्हणालो, ही इमारत जगापुढे आली की गावाचं नाव होईल. ते म्हणाले, "व्हय, व्हईल की." आणि निवडत राहिले.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. उद्याच सांगणार की टेकाड घ्या, बांधा चाळ.

मंगळवार, ५ जून.

सांगितलं नाही. पाचच दिवस राहिलेत. आता सोडलं तर दोन महिन्यांची झीज वाया. आणि मग विचारतील, प्रोजेक्ट संपला, कंपनीत कधी जाता?

आज व्हर्च्युअल रिॲलिटीचं हेल्मेट तयार केलं. भारतला मोटरसायकलवर मिळालेलं हेल्मेट माळ्यावर नवंकोरं पडलं होतं, देवळ्यात ते घातलं तर लोक हसतात म्हणे. काचेला आतून एका डोळ्यापुढे लाल आणि दुसऱ्यापुढे निळा जिलेटीन कागद चिकटवला. ते घालून मॉनिटरसमोर बसलं की खांब अंगावर येतात, बाहेरचं काही दिसत नाही. सासऱ्यांनी घालून पाहिलं. काढल्यावर म्हणाले, "लई मेहनत घेतली तुमी." हेल्मेट दोन्ही हातांनी परत दिलं. कलेची ताकद.

शनिवार, ९ जून.

छाया आणि दिशा आल्या. कुसाआत्याही वणीहून आली, काळा चष्मा लावून. दिशा म्हणाली, पप्पा, तुम्ही वाळलात. छायाने कोपऱ्यात गाठून विचारलं, सांगितलं का? म्हणालो, उद्या प्रात्यक्षिक झाल्यावर, यशाच्या पार्श्वभूमीवर. ती ढिगाकडे बघून आली आणि नंतर माझ्याशी बोलली नाही.

मृग लागला. आभाळ रोज उतरून येतंय.

रविवार, १० जून. दुपारी ३.

जमेल तसं लिहितो.

सचिव आले नाहीत. फोन केला तर त्यांच्या घरून म्हणाले, कोण बोलतंय? तरी वीज होती म्हणून प्रात्यक्षिक सुरू केलं. बियाण्याच्या खोलीत सगळे. मी आधी दहा मिनिटं चंक्रमाची माहिती दिली. प्रेक्षकांतून प्रश्न नाहीत. मग कुसाआत्या म्हणाली, मला घाला ते टोपडं. चष्मा काढून पदरावरून हेल्मेट चढवलं. दिशाने बटण दाबलं.

दोन-तीन खांब गेले. मग आत्याने हात पुढे केला, हवेत काहीतरी चाचपलं, आणि ओरडली, "हाई ते आपली चाळ शे!"

मी म्हणालो, आत्या, हा चंक्रम आहे. तिला ऐकूच जाईना, हेल्मेटमुळे असेल. ती बोलतच सुटली. तिचं अर्धं अहिराणी छायाने मला सांगितलं. आत्या इथे चौथ्या खांबाशी बसून कांदा निवडायची. ही चाळ चौऱ्याहत्तर सालच्या वादळात उडाली. पुंजाच्या बापाने बांधलेली. मग सातवा खांब आला आणि ती हसायला लागली. हा वाकडा बाभळीचा खांब चिमाजीने रोवला होता. छाया झाली त्या दिवशी. आतून पोरीचं रडणं ऐकू आलं आणि हा तसाच सोडून पळाला. "वाकडा ते वाकडाच काढा व्हो जवाईनी!" (जावयाने वाकडाच काढला हो.) असं म्हणून तिने हेल्मेटवरूनच डोळे पुसायला हात नेला.

सासरे जमिनीकडे बघत होते. पुंजा सुतार छताकडे. छायाने तो खांब स्क्रीनवर पाहिला आणि तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

मी एकच विचारलं. मग दार? आत्या म्हणाली, "चाळले कोठे दार ऱ्हास?" चाळीला दार नसतंच, बाजूची एक पट्टी काढायची, कांदा भरायचा, पट्टी ठोकायची. परत पाहिजे तेव्हा परत काढायची.

सगळ्यांना माहीत होतं का, असं मी विचारलं नाही. सासूबाईंनी घाईघाईने ताट वाढलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. "खा, पाव्हणं, खा." सहा खाल्ले. नाही म्हणता येईना.

सोमवार, ११ जून.

विचारांती: कालच्या घटनेने माझ्या सिद्धांताला धक्का बसत नाही. उलट चंक्रमापासून चाळीपर्यंत एक अखंड परंपरा असू शकते, असं मांडता येईल. चाळीच्या खाली आणखी जुने खड्डे असू शकतात. भूर्जपत्राचं काय?

पुंजा आला आणि माझ्या मॉडेलचा प्रिंट मागितला. म्हणाला, बाप गेला तेव्हापासून असली चाळ कोणाला जमली नाही, बापाची मापं बापाबरोबर गेली. "तुमी सगळी काढली, दाजी. खांबाखांबाची." चार कागद चिकटवून दिला. त्याने तो घडी न घालता, गुंडाळी करून नेला.

छाया आणि दिशा दुपारी गेल्या. मी म्हणालो, चाळ होईपर्यंत थांबतो. माप चुकायला नको.

गुरुवार, १४ जून. संध्याकाळी.

चाळ झाली. जुन्याच खड्ड्यांत खांब बसले. सातवा खांब पुंजा सरळ लावत होता. मी सांगितलं, सरळच लाव. मग सासरेच म्हणाले, नाय, वाकडाच ऱ्हाऊ दे, नकाशात हाय तसा.

दुपारी मी आत शिरून शेवटची मापं घेत होतो. दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठोकणं चालू होतं. मापात इतका गढलो की ठोकणं थांबल्याचं कळलं नाही. बघतो तर सगळ्या पट्ट्या लागलेल्या. पुंजा आणि माणसं चहाला गेलेली. मी आत. या टोकाला गेलो, त्या टोकाला गेलो. हाका मारल्या. चार फूट रुंद, अठ्ठेचाळीस फूट लांब. प्रत्येक पाऊल पाठ होतं.

सासरे आले. बांबूच्या फटीतून टोपी दिसली. कोणाला बोलावायला जातील असं वाटलं, तर ते बाहेर जोत्यावर बसले, माझ्याकडे पाठ करून. तंबाखू मळली. मग म्हणाले, "पाव्हणं, तोंडासमोर बोललो नसतो. आता तुमी आत हायसा, म्हणून बोलतो."

भारत मार्चमध्ये कांद्याची गोणी घेऊन कंपनीच्या गेटवर गेला होता. वॉचमनने त्याला सांगितलं, ड्रॉइंगवाले सगळे घरी गेले. त्याने घरी येऊन सांगितलं. मी एप्रिलमध्ये आलो तेव्हा या घरात सगळ्यांना माहीत होतं.

मी फटीला तोंड लावून विचारलं, मग चाळ का थांबवली? तुम्हाला तर खड्डेही माहीत होते.

त्यांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, "तुमी आला तवा हात मांडीखाली घालून बसायचा. खड्डे दिसले आन् उठून उभे ऱ्हायला. म्हटलं, माणसाच्या हाताला काम लागलं, लागू द्या. कांदा काय, दरसाल येतो."

मी वाकड्या खांबाला टेकून बसलो. आणि आतून सगळं सांगितलं. सही, गंगा, डबा, हॉर्न. पट्ट्यांच्या आत बसून सांगणं सोपं गेलं. मध्ये रडलो. नुकताच कांदा आणून ओतला होता बाजूला, पण त्याने नव्हे.

ते उठले, खिळा उपटायचा आकडा आणला आणि माझ्यासमोरची एक पट्टी काढली. मी आडवा होऊन बाहेर आलो. एक पट्टी, बस. कुठलीही चालली असती.

शनिवार, १६ जून.

अधिक संपला. चाळ भरली. गेला तो थर गेला, उरलेला कांदा चांगला आहे. मीही दोन दिवस टोपल्या वाहिल्या. पाठ धरली आहे.

भागीबाईंच्या मुलाने चाळीचा नकाशा मागितला. शेजारच्या खर्डे गावच्या दोघांनीही. यावरून व्यवसाय उभा राहू शकेल. संकल्प: घाई करायची नाही.

भूर्जपत्राची पिशवी सासूबाईंना दाखवून विचारलं. त्यांनी ती बंबाच्या जाळात टाकली. लगेच पेटलं. कांद्याची सालं पेटायला चांगली, म्हणाल्या.

निघताना भारत म्हणाला, "दाजी, परत या चक्रमला." दुरुस्त केलं नाही.

सोमवार, १८ जून. सिडको. सकाळी ७.

ठरवलं होतं तसं केलं. आज पळायचं नाही. साडेसहाला तयार होऊन, डबा न घेता, बिल्डिंगखाली रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. छाया गॅलरीत होती. पावणेसातला बस आली, हॉर्न वाजला. पुढे झालो. ड्रायव्हरने दार उघडलं. मी मोठ्याने, आतल्यांनाही ऐकू जाईल असं, म्हणालो की मी आता येत नाही, माझी नोकरी गेली आहे.

ड्रायव्हर म्हणाला, माहीत आहे की साहेब, मार्चपासून. मी विचारलं, मग माझ्यासाठी रोज हॉर्न का वाजवत होता?

तो म्हणाला, तुमच्यासाठी नाही हो, गोटीरामसाठी. तो झोपून राहतो.

तेवढ्यात गोटीराम शर्टाची बटणं लावत धावत आला, मला बाजूला सरकवून चढला, आणि दार लावून बस गेली.